वयोमर्यादा, कायदेशीर : मतदान, सैन्यसेवा व मद्यपान (जालना जिल्हा)

मत देणे, फौजेत भरती होणे आणि दारू विकत घेऊन पिणे यांसाठी कायद्याने ठरवलेली किमान वये. जालना जिल्ह्यात ती अनुक्रमे 18, साडेसतरा आणि 21 किंवा 25 अशी आहेत. पहिली दोन केंद्राच्या अखत्यारीतली, म्हणून देशभर सारखी. तिसरे राज्याचे, म्हणून सीमा ओलांडली की बदलणारे. राज्यघटनेतही तिघांची घरे निराळी आहेत. मतदान अनुच्छेद 326 मध्ये, मद्यबंदी मार्गदर्शक तत्त्वांत (अनुच्छेद 47) आणि राष्ट्रसेवेची हाक मूलभूत कर्तव्यांत (अनुच्छेद 51 क, 1976 ची 42 वी दुरुस्ती). एक हक्क, एक धोरण, एक कर्तव्य. तिन्ही वये एक असावीत की नाही हा वाद घालताना ही मांडणी सहसा कोणी पाहत नाही.

पूर्वपीठिका : आजचा जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला, परतूर तालुका परभणीकडून आला. त्याच्या बऱ्याच आधी हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि दारूचा कारभार 1316 फसली (इ. स. 1906-07) च्या हैदराबाद अबकारी कायद्याने चाले. नावाप्रमाणेच तो कायदा मुख्यतः महसुलाचा. मुंबई राज्याने 1949 मध्ये दारूबंदी अधिनियम केला तेव्हा मराठवाडा त्या राज्यात नव्हता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1959 च्या विस्तार कायद्याने दारूबंदी अधिनियम इकडे लागू झाला. याच मूळ कायद्याखाली गुजरातेत आजही दारूबंदी आहे आणि महाराष्ट्रात दारूची दुकाने चालतात, ही गोष्ट कायद्याच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी.

मद्यपान : महाराष्ट्राच्या कायद्यात आजही बंदी हा नियम आणि परवाना हा अपवाद आहे. बाळगायची, न्यायची किंवा प्यायची तर पिणाऱ्याकडे परवाना हवा. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म मिळतो. एक दिवसाच्या परवान्याचे शुल्क विदेशी मद्यासाठी 5 रुपये आणि देशीसाठी 2 रुपये. वर्षाचा 100 आणि आजन्म 1000 रुपयांना. रस्त्याकडेच्या बारवर ‘परमिट रूम’ अशी जी पाटी असते, तिच्यातले परमिट हेच. पाटी उरली आणि कागद कोणी विचारेनासे झाले. दुकानदार एकदिवसीय परवान्यांची पुस्तके घेऊन ठेवतो, हिशोबापुरती फाडतो. गिऱ्हाइकाच्या हाती बाटली पडते, चिठ्ठी क्वचितच.

वयाची अट या परवान्यालाच जोडलेली आहे. बीअर व वाइन यांसाठी 21 वर्षे. देशी दारू आणि व्हिस्की, रम आदी कडक मद्यांसाठी 25. ही अट बहुतेकांना कळली ती 2011 च्या व्यसनमुक्ती धोरणाच्या वेळी. ती नव्याने आली की जुन्या नियमाची उजळणी होती, याबद्दल एकवाक्यता नाही. अभिनेते इमरान खान यांनी तिच्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली होती. मत देऊ शकणाऱ्या आणि लग्न करू शकणाऱ्या प्रौढाला पेला का नाकारावा, असा त्या वेळच्या चर्चेचा सूर होता. 19 मे 2024 रोजी पुण्यात कल्याणीनगर येथे मोटारीच्या धडकेने दोघांचा मृत्यू झाला. मोटार चालवणाऱ्या 17 वर्षांच्या मुलाला त्याआधी मद्य पुरवल्याच्या प्रकरणात राज्य उत्पादन शुल्क विभागाने मद्यालयांना टाळे लावले, तेव्हा 25 चा आकडा पुन्हा वर्तमानपत्रांत आला.

सैनिकांना सूट (बालसारा खटला) : मद्य आणि सैन्यसेवा हे दोन विषय कायद्यात समोरासमोर आले ते या खटल्यात, म्हणून येथे थोडे विस्ताराने. 1949 च्या अधिनियमातील कलम 39 युद्धनौका, सैनिकांची ने-आण करणारी जहाजे आणि सशस्त्र दलांच्या मेस व कॅन्टीन यांना विदेशी मद्याबाबत सवलत देते. एफ. एन. बालसारा यांनी संपूर्ण कायद्यालाच आव्हान दिले. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बीअर, औषधी वाइन आणि ओ द कोलोन जवळ बाळगण्याचा व वापरण्याचा हक्क त्यांनी मागितला होता. नागरिकाला बंदी आणि शिपायाला मुभा हा भेदभाव नव्हे काय, हा त्यातला एक प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने 25 मे 1951 रोजी न्या. फाझल अली यांनी लिहिलेल्या निकालात ही सवलत उचलून धरली. सशस्त्र दलांची परंपरा आणि राहणी वेगळी आहे, दीर्घ अनुभवातून घडलेल्या नियमांनी ती बांधलेली आहे आणि त्यांचे मनोबल टिकवणे आवश्यक आहे, असा त्याचा आशय. औषधी व प्रसाधनाच्या मद्ययुक्त वस्तूंवरील बंदी मात्र न्यायालयाने रद्द केली. वयाचा प्रश्न या खटल्यात नव्हता. तरीही ‘जो लढतो त्याला पिऊ द्या’ या युक्तिवादाला भारतात न्यायालयाचा आधार शोधायचा झाल्यास याच निकालाकडे यावे लागते, आणि तेथे सूट मिळते ती गणवेशाला, वयाला नाही.

सैन्यसेवा : भारतात सक्तीची भरती नाही. 14 जून 2022 रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत वय साडेसतरा ते 21 ठेवले. पहिल्या वर्षापुरते ते 23 पर्यंत वाढवले. सेवा चार वर्षांची, त्यानंतर 25 टक्क्यांपर्यंत अग्निवीर कायम. साडेसतराव्या वर्षी निवड झालेल्या मुलाच्या नावनोंदणीच्या अर्जावर आईवडिलांची किंवा पालकाची सही लागते, कारण कायद्याच्या लेखी तो अजून अज्ञान. वयाची 18 वर्षे पूर्ण झाल्याखेरीज सैनिकाला प्रत्यक्ष कारवाईच्या क्षेत्रात पाठवत नाही, असे भारताने 2005 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्कविषयक जादा करारास मान्यता देताना कळवले आहे. हिशोब मांडला तर साडेसतराव्या वर्षी लागलेला अग्निवीर साडेएकविसाव्या वर्षी घरी परततो. अंबडच्या किंवा मंठ्याच्या परमिट रूममध्ये त्याला बीअर मागता येईल. रमसाठी आणखी साडेतीन वर्षे थांबावे लागेल.

सैन्य नव्हे, पण गणवेशाची दुसरी भरती म्हणून नोंदवायचे, तर जालन्यात राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्र. 3 आहे. या दलातील शिपाई भरतीची खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा 18 ते 25. म्हणजे जेथे भरतीचे दार बंद होते तेथे देशी दारूचे उघडते. योगायोगच, पण भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना तो सांगितला की ती हसतात.

छावणी : सैन्याशी जिल्ह्याचा संबंध जुना आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी असई येथे आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिंदे-भोसल्यांचा पराभव केला. पुढे 1827 मध्ये जालना गावाच्या पूर्वेस छावणी वसली आणि 1903 पर्यंत हैदराबाद कंटिंजंटचे सैन्य तेथे होते. छावणी गेली, शहरात सदर बाजार हे नाव राहिले.

मतदान : 61 व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय 21 वरून 18 झाले, अंमल 28 मार्च 1989 पासून. त्या वर्षीच्या नोव्हेंबरातली लोकसभा निवडणूक नव्या वयाची पहिली. जालन्यातून भारतीय जनता पक्षाचे पुंडलिक हरी दानवे निवडून आले. नावनोंदणी नमुना 6 वर होते आणि आता वर्षातून चार अर्हता दिनांक आहेत : 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. उभे राहण्याचे वय वेगळे. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत 21, विधानसभा व लोकसभेला 25. त्यामुळे 21 वर्षांचा सरपंच गावातल्या देशी दारूच्या दुकानाविरुद्ध ठराव मांडू शकतो, त्या दुकानाचा गिऱ्हाईक मात्र होऊ शकत नाही. बरेच आहे.

विवाह : मुलीसाठी 18, मुलासाठी 21.

वयाचा पुरावा : तिन्ही वये शेवटी एका कागदावर उभी असतात, बहुधा शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. जुन्या पिढीत जन्माची नोंद नसे. बाप पोराला शाळेत घेऊन जाई आणि ‘पोळ्याच्या आगेमागे झालं’ एवढे सांगे. गुरुजी अंदाजाने साल धरून 1 जून ही तारीख टाकत, कारण शाळा जूनमध्ये उघडे. राज्यात 31 मे रोजी सरकारी कर्मचारी घाऊक निवृत्त होतात त्याचे कारण हेच. सैन्यभरतीत या कागदाची अक्षर न् अक्षर तपासणी होते. मतदार नोंदणीत वयाचा कोणता ना कोणता पुरावा जोडावा लागतो. दारूच्या दुकानात तो मागितल्याचे ऐकिवात नाही. जे वय सर्वांत वरचे, त्याचीच चौकशी सर्वांत कमी.

अन्यत्र : तेलंगणात, म्हणजे जुन्या हैदराबाद राज्याच्याच दुसऱ्या भागात, मद्याचे वय 21. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धाच्या काळात ‘लढायला चालतो तर मत द्यायलाही चालावा’ या मागणीतून 1971 मध्ये मतदानाचे वय 18 झाले. मद्याचे मात्र 1984 च्या कायद्याने 21 कडे गेले.

मतभेद : तिन्ही वये 18 वर आणावीत असे म्हणणाऱ्यांचा आधार प्रौढत्व अविभाज्य आहे हा. विरोधकांच्या मते मत एका दिवसाचे, दारू रोजची, आणि फौजेत वरिष्ठांची देखरेख असते. तीन जोखमींना एक माप लावू नये. प्रस्तुत नोंदकाराला दुसरी बाजू अधिक सबळ वाटते. मात्र जिल्ह्यात हा प्रश्न अशा रूपात फारसा उभा राहत नाही. येथल्या बायांची तक्रार कोणत्या वयाला द्यावी ही नसून दुकान गावात का, ही असते.

बाटलीचे मतदान : या तक्रारीला 2008 च्या शासन आदेशाने वाट करून दिली. गावातील किंवा प्रभागातील किमान 25 टक्के महिला मतदारांनी, अथवा एकूण मतदारांपैकी तेवढ्यांनी, सह्यांचे निवेदन दिले की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात : उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात, आणि ती झालेल्या मतदानाच्या नव्हे तर यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक. त्यामुळे ऊसतोडीला किंवा मजुरीला बाहेरगावी गेलेली बाई न येताही उभ्या बाटलीच्या पारड्यात मोजली जाते. दारूबंदी चळवळीतल्या कार्यकर्त्यांचा या अटीवर जुना आक्षेप आहे. या मतदानासाठी विधानसभेचीच मतदार यादी वापरतात. किमान वय 18.