अमेरिकेतील खासगी स्थानिक टपाल तिकिटांचा संग्रह

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सरकारी टपालखात्याबरोबरच अनेक खासगी टपालसेवा कार्यरत होत्या. या सेवांची तिकिटे आणि त्यांच्यामार्फत गेलेली पाकिटे जमविणे व त्यांचा अभ्यास करणे ही तिकीट संग्रहशास्त्राची एक विशेष शाखा मानली जाते. अशा बऱ्याच सेवा अल्पायुषी ठरल्या. काहींचे अस्तित्व आज केवळ एकदोन पाकिटांवरून ज्ञात आहे. या तिकिटांच्या नकलाही एकोणिसाव्या शतकातच मोठ्या प्रमाणावर निघाल्या. त्यामुळे तिकीट दुर्मीळ असणे आणि ते अस्सल ठरणे या दोन गोष्टींचा विचार येथे वेगवेगळा करावा लागतो.

संज्ञा

या क्षेत्रात ‘स्थानिक टपाल’ ही संज्ञा सामान्यतः एका शहराच्या हद्दीत पत्रे पोहोचविणाऱ्या खासगी सेवेसाठी वापरतात. एका शहरातून दुसऱ्या शहरात पत्रे नेणाऱ्या खासगी सेवांना ‘स्वतंत्र टपाल’ म्हणतात. सरकारी टपालखात्याच्या पत्रवाहकांनी शहरात वापरलेल्या तिकिटांना ‘वाहक तिकिटे’ असे नाव आहे. स्कॉटच्या विशेष तालिकेत खासगी सेवांच्या तिकिटांचे क्रमांक ‘एल’ या अक्षरासह दिलेले असतात आणि संग्राहक त्याच क्रमांकांनी ती ओळखतात.

पार्श्वभूमी

इ.स. १८४५ पूर्वी अमेरिकेतील सरकारी टपालदर अंतरावर व कागदांच्या संख्येवर अवलंबून होते. एका कागदाच्या पत्रास ३० मैलांपर्यंत ६ सेंट, १५० ते ४०० मैलांसाठी पावणेएकोणीस सेंट व त्यापलीकडे २५ सेंट पडत. पत्र दोन कागदांचे झाले की दर दुप्पट होई. त्या काळच्या मजुरीच्या मानाने हा खर्च मोठा होता. बहुसंख्य पत्रे टपालहशील आधी न भरता पाठविली जात आणि ते घेणाऱ्याकडून वसूल होई.

शहरांतर्गत पत्रांचीही सोय अपुरी होती. पत्र टपालकचेरीत नेऊन देणे आणि आलेले पत्र तेथून घेऊन येणे हा सर्वसाधारण प्रघात होता. मोठ्या शहरांत पत्रवाहक असत, परंतु घरपोच पत्रासाठी ते वेगळे शुल्क घेत. शहरांत विनाशुल्क घरपोच वाटप १ जुलै १८६३ पासून सुरू झाले. खासगी सेवांनी मधल्या काळातील ही उणीव हेरली. रस्तोरस्ती पत्रपेट्या, दिवसातून अनेक वेळा वाटप आणि आगाऊ विकत घेतलेले चिकट तिकीट ही त्यांच्या कामाची पद्धत होती.

प्रमुख सेवा

सिटी डिस्पॅच पोस्ट : न्यू यॉर्क शहरातील ही सेवा १ फेब्रुवारी १८४२ रोजी सुरू झाली. तिचे व्यवस्थापन अलेक्झांडर ग्रेग यांच्याकडे होते. ब्रिटनमधील ‘पेनी ब्लॅक’नंतर दोन वर्षांच्या आतच निघालेले तिचे ३ सेंटांचे तिकीट अमेरिकेतील पहिले चिकट टपाल तिकीट होय. त्यावर जॉर्ज वॉशिंग्टन यांचे चित्र आहे. पत्राचे शुल्क भरले असून घेणाऱ्याकडून काही घ्यावयाचे नाही, हे दर्शविण्यासाठी तिकिटावर ‘फ्री’ असा चौकटीतील शिक्का मारला जाई. ऑगस्ट १८४२ मध्ये सरकारने ही सेवा विकत घेतली व ‘युनायटेड स्टेट्स सिटी डिस्पॅच पोस्ट’ या नावाने चालविली. अशा रीतीने खासगी सेवेची पद्धत सरकारी टपालात आली. देशभर चालणारी सरकारी तिकिटे मात्र १८४७ मध्ये निघाली.

अमेरिकन लेटर मेल कंपनी : लायसँडर स्पूनर यांनी १८४४ मध्ये ही स्वतंत्र टपालसेवा स्थापन केली. गरुडाचे चित्र असलेल्या तिच्या तिकिटावर ‘एका डॉलरला वीस’ या अर्थाचा मजकूर आहे, म्हणजे प्रत्येक पत्रास ५ सेंट पडत. खासगी टपालास मनाई करणारे कायदे घटनाबाह्य आहेत, असे प्रतिपादन स्पूनर यांनी त्याच वर्षी एका पुस्तिकेत केले. याच काळात जेम्स हेल यांची ‘हेल अँड कंपनी’ ही सेवाही ईशान्येकडील शहरांत चालत होती.

ब्लड्स : फिलाडेल्फियातील या सेवेच्या एका आरंभीच्या तिकिटावर शहरातील इमारतींवरून लांब ढांग टाकत जाणारा पत्रवाहक दाखविला आहे. त्याची गणना जगातील अगदी आरंभीच्या चित्रमय तिकिटांत होते. वापरलेले तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून ही सेवा काही काळ तिकिटावर आम्लाची रेघ ओढीत असे. त्या आम्लाने पडलेला डाग तिकिटावरून पाकिटावर उतरलेला असल्यास आज तोच अस्सलपणाचा एक पुरावा ठरतो.

बॉइड्स व हसीज : जॉन बॉइड यांची न्यू यॉर्कमधील सेवा १८४४ मध्ये सुरू झाली. पृथ्वीगोलावर उभा असलेला गरुड हे तिच्या तिकिटांचे ओळखचिन्ह होते. १८५० च्या दशकात सुरू झालेली जॉर्ज हसी यांची सेवा मुख्यतः बँकांच्या सूचनापत्रांचे वाटप करी.

पोनी एक्स्प्रेस : मिसूरीतील सेंट जोसेफ ते कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो या मार्गावरील ही घोडेस्वारांची टपालसेवा एप्रिल १८६० ते ऑक्टोबर १८६१ या काळात चालली. १८६१ मध्ये वेल्स फार्गो कंपनीने तिच्यासाठी घोडेस्वाराचे चित्र असलेली १, २ व ४ डॉलरची तिकिटे काढली. ही सेवा शहरापुरती मर्यादित नसली तरी तिची तिकिटे तालिकांत याच विभागात येतात.

कायदा आणि अखेर

स्वतंत्र टपालसेवांच्या स्पर्धेमुळे आणि स्वस्त टपालाच्या वाढत्या मागणीमुळे अमेरिकन काँग्रेसने मार्च १८४५ मध्ये नवा कायदा केला. १ जुलै १८४५ पासून अर्धा औंस वजनाच्या पत्रास ३०० मैलांपर्यंत ५ सेंट व त्यापुढे १० सेंट असा दर लागू झाला. त्याच कायद्याने शहराशहरांमधील खासगी पत्रवाहतुकीस बंदी घातली. स्पूनर व हेल यांच्या सेवा बंद पडल्या, परंतु टपालहशील मात्र उतरले.

शहरांतर्गत सेवा या बंदीतून सुटल्या. शहरातील रस्ते हे कायद्याने ‘टपालमार्ग’ ठरतात काय, हा वादाचा मुद्दा होता. ब्लड्सचे मालक कोचर्स्परगर यांच्याविरुद्धच्या खटल्यात १८६० मध्ये न्यायालयाने निकाल खासगी सेवेच्या बाजूने दिला. त्यानंतर काँग्रेसने १८६१ मध्ये शहरातील रस्त्यांना टपालमार्गाचा दर्जा देण्याची तरतूद केली आणि १८६२ च्या प्रारंभी ब्लड्स बंद झाली. बॉइड व हसी यांच्या सेवा परिपत्रके व सूचनापत्रे वाटत पुढेही टिकून राहिल्या. १८८० च्या दशकातील सरकारी कारवाईनंतर त्यांचीही तिकिटे इतिहासजमा झाली.

संग्रहाचा आरंभ आणि बनावट तिकिटे

तिकिटे जमविण्याचा छंद अमेरिकेत १८६० च्या सुमारास पसरू लागला. त्या वेळी बऱ्याच स्थानिक सेवा नुकत्याच बंद झाल्या होत्या. मागणी मोठी आणि अस्सल माल थोडा, अशा स्थितीत विक्रेत्यांनी नवी तिकिटे छापून घेतली. हसी यांनी स्वतःची टपालसेवा चालवीत असतानाच इतर सेवांच्या तिकिटांची पुनर्मुद्रणे व नकला संग्राहकांसाठी विकल्या. बॉस्टनमधील सॅम्युएल ॲलन टेलर यांनी तर कधीच अस्तित्वात नसलेल्या टपालसेवांची तिकिटे बाजारात आणली. हेच टेलर तिकीटविषयक नियतकालिकही काढीत असत. त्यामुळे खोट्या तिकिटांसोबत खोटी माहितीही छापील स्वरूपात रूढ झाली.

अस्सल नसलेल्या तिकिटांचे संग्राहक तीन प्रकार करतात :

१. पुनर्मुद्रण – मूळ ठशावरून, परंतु सेवा बंद झाल्यावर किंवा केवळ संग्राहकांसाठी छापलेले तिकीट.
२. नक्कल – अस्सल तिकीट पाहून नव्या ठशावरून बनविलेले तिकीट.
३. कपोलकल्पित – ज्या सेवेने तिकीट काढलेच नाही, किंवा जी सेवाच नव्हती, तिच्या नावाचे तिकीट.

यांपैकी तिसरा प्रकार अभ्यासकास सर्वांत अधिक चकवितो, कारण ताडून पाहण्यासाठी अस्सल नमुनाच नसतो. या गोंधळातून वाट काढण्याचा एक महत्त्वाचा आरंभीचा प्रयत्न चार्ल्स कॉस्टर यांनी केला. त्यांचा स्थानिक टपालविषयक ग्रंथ १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉस्टर पुढे जे. पी. मॉर्गन यांच्या पेढीत भागीदार झाले.

पाकिटांचे महत्त्व

आरंभीचे संग्राहक पाकिटावरील तिकीट पाण्यात भिजवून काढीत आणि वहीत चिकटवीत. त्यामुळे तिकीट राहिले, पण त्याच्या खरेपणाचा पुरावा नष्ट झाला. सुटे तिकीट केवळ कागद, शाई व छपाई यांविषयी सांगू शकते. पाकिटावर मात्र पत्ता, तारीख, शिक्के आणि पुष्कळदा आतील मजकूर असतो. त्यावरून ती सेवा कोणत्या काळात, कोणत्या भागात व किती दराने काम करीत होती, हे ठरविता येते.

तिकिटावरचा शिक्का अर्धा तिकिटावर व अर्धा पाकिटावर उमटला असेल, तर त्या तिकिटाला पाकिटाशी ‘बांधलेले’ म्हणतात. अशा नमुन्यांना विशेष मान असतो. खासगी व सरकारी अशी दोन्ही तिकिटे असलेली पाकिटेही महत्त्वाची आहेत. त्यांत खासगी सेवेने पत्र घरातून उचलून सरकारी टपालकचेरीत पोहोचविलेले असते आणि पुढील प्रवास सरकारी टपालाने झालेला असतो. व्हॅलेंटाइन दिनाची नक्षीदार पाकिटे हा या संग्रहातील आणखी एक लोकप्रिय विभाग आहे.

परीक्षण

पाकीट असले म्हणजे शंका मिटली असे नाही. जुन्या बिनतिकिटी पाकिटावर अस्सल तिकीट मागाहून चिकटवून त्याचे मोल वाढविण्याचे प्रकार घडले आहेत. म्हणून तज्ज्ञ पुढील बाबी तपासतात :

• छपाईची पद्धत : कोरीव ठशाची छपाई व शिळाछाप यांतील फरक. कोरीव तिकिटांच्या पुष्कळ नकला शिळाछापाच्या आहेत.
• कागदाचा रंग, जाडी व चकाकी.
• शिक्का त्या सेवेचा व त्या काळातील आहे काय.
• पत्रावरील तारीख सेवेच्या कार्यकाळात बसते काय.
• पत्ता त्या सेवेच्या वाटपक्षेत्रात येतो काय.
• तिकिटाखालील कागदावर दुसऱ्या तिकिटाच्या किंवा पुसलेल्या लेखनाच्या खुणा आहेत काय.

न्यू यॉर्कमधील फिलाटेलिक फाउंडेशन ही १९४५ मध्ये स्थापन झालेली संस्था अशा परीक्षणानंतर प्रमाणपत्र देते. नवा पुरावा पुढे आल्यास जुना निर्णय बदलूही शकतो.

प्रमुख संग्रह आणि अभ्यास

फिलिप फॉन फेरारी यांचा जगप्रसिद्ध संग्रह पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्स सरकारने जप्त करून १९२१ ते १९२५ या काळात लिलावात विकला. त्यातील अमेरिकन स्थानिक तिकिटे पुढील पिढीच्या संग्राहकांकडे गेली. आल्फ्रेड कॅस्परी यांचा संग्रह १९५० च्या दशकात, तर डेव्हिड गोल्डन यांचा संग्रह १९९९ मध्ये लिलावात निघाला. या लिलावांच्या सचित्र याद्या आज संदर्भग्रंथांप्रमाणे वापरल्या जातात. एखादे दुर्मीळ पाकीट पूर्वी कोणाकडे होते व तेव्हा ते कसे दिसत होते, हे त्यांवरून पडताळता येते.

डोनाल्ड पॅटन यांनी न्यू यॉर्क राज्यातील स्थानिक टपालाचा इतिहास लिहिला. लॅरी लायन्स यांनी अस्सल व बनावट तिकिटे शेजारी शेजारी ठेवून ओळखण्याचा मार्गदर्शक ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. ‘कॅरियर्स अँड लोकल्स सोसायटी’ ही संग्राहकांची संस्था ‘द पेनी पोस्ट’ हे नियतकालिक चालविते. अल्पायुषी टपालसेवांच्या नोंदवह्या क्वचितच उरल्या आहेत. त्यामुळे संग्राहकांनी जतन केलेली पाकिटे हेच त्यांच्या इतिहासाचे एक मुख्य साधन आहे.

हेही पाहा

टपाल तिकीट संग्रह
पेनी ब्लॅक
पोनी एक्स्प्रेस
लायसँडर स्पूनर