अट आणि सूर

संगीतरचनेत शिळेपणा येतो तो बहुधा साधनांच्या अभावामुळे नव्हे, तर सवयीमुळे. ठरलेला ताल, ठरलेला वाद्यमेळ, दोन कडव्यांमधला ठरलेला सुरांचा तुकडा अशी एक वाट मळते आणि रचनाकार तिच्यावरूनच चालत राहतो. आज बोईसर-पालघरसारख्या ठिकाणीही एखादा विद्यार्थी घरच्या संगणकावर गाणे रचू शकतो. शेकडो वाद्यांचे ध्वनी त्याच्या हाताशी असतात, तरीही त्याचे पाचवे गाणे पहिल्यासारखेच होते. अशा वेळी स्वतःला एखादी अट घालून घ्यावी, असे सुचवले जाते: एकाच वाद्यावर गाणे बांधा, एका दिवसात पुरे करा, अमुक ध्वनी वर्ज्य करा. हा उपाय मराठी संगीताला मुळीच नवा नाही. मात्र आपल्याकडील उदाहरणे नीट पाहिली, तर एक गोष्ट ध्यानात येते. अट फळते ती आशयाने मागितलेली असेल तेव्हाच.

केशवराव भोळे यांचे उदाहरण घेऊ. किर्लोस्करांच्या 'सौभद्र'पासून (१८८२) मराठी रंगभूमीवर पदांची रेलचेल होती. पुढे गायक नटाच्या मैफलीपुढे नाटकच थबकू लागले. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'ने रंगभूमीवर आणलेल्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाला भोळे यांनी संगीत दिले, ते मोजक्या भावगीतसदृश गाण्यांचे. ब्यर्नसनच्या नॉर्वेजियन नाटकावर आधारलेल्या त्या वास्तववादी घरात तानांची आतषबाजी शोभली नसती.

याच विचाराचे पुढचे पाऊल 'प्रभात'च्या 'कुंकू'त (१९३७) दिसते. व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर बेतलेल्या या चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य केले गेले. प्रसंगात स्वाभाविकपणे जे ध्वनी येतील तेवढेच ऐकू यावेत, असा दंडक होता. शांता आपटे यांची नीरा गाते तीही ग्रामोफोनच्या साथीने. या अटीमागे केवळ प्रयोगाची हौस नव्हती. फसवून वृद्ध विधुराशी लग्न लावून दिलेली मुलगी ते लग्न मनाने मान्य करत नाही, हा कथेचा गाभा आहे. तिथे व्हायोलिनचे करुण सूर वाजले असते, तर प्रेक्षकाने तिची कीव केली असती आणि सुटकेचा श्वास टाकला असता. सूर काढून घेतल्यावर मात्र तिचा नकार उघडा पडतो आणि त्याला सामोरे जाण्यावाचून प्रेक्षकाला गत्यंतर राहत नाही.

दुसरी अट काळाची. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, 'गीतरामायण' सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांनी दर आठवड्याला एक गीत लिहायचे, सुधीर फडके यांनी त्याला चाल लावायची आणि ठरल्या दिवशी ते श्रोत्यांपुढे यायचे, असा नेम होता. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीतांची संख्या छप्पन्नावर गेली आणि १९ एप्रिल १९५६ रोजी, पुढच्या रामनवमीला, मालिका पूर्ण झाली.

रचनाकाराच्या दृष्टीने अवघड भाग केवळ मुदतीचा नव्हता. गीते दीर्घ होती आणि त्यांतून कथा सांगायची होती. एकाच वृत्तातली कितीतरी कडवी श्रोत्याला कंटाळा न येता ऐकवायची आणि शब्द तर एकही हरवू द्यायचा नाही! फडके यांनी यावर काढलेला तोडगा साधा होता. शब्दोच्चाराला पहिला मान, रागांचे वैविध्य, आणि बोलणारे पात्र कोण यावर चालीची प्रकृती. चाल सुचेपर्यंत थांबण्याची मुभाच नसल्याने प्रत्येक वेळी कवितेलाच विचारावे लागे: तुझ्यात कोणती चाल दडली आहे? साप्ताहिक मुदतीने घाई झाली असेल, पण तिनेच रचनाकाराला स्वतःच्या सवयींपासून दूर ठेवले, असे म्हणावेसे वाटते.

साहित्याच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. ओवी आणि अभंग यांच्या चौकटींनी आपल्या संतकवींना कधी जखडले नाही.

आता आपल्याच जिल्ह्याकडे वळू. वारली समाजाचा तारपा हे तर मर्यादेचेच वाद्य होय. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि मोजकी छिद्रे एवढाच त्याचा संसार. वादक श्वास न तोडता फुंकत राहतो आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची रांग फिरत असते. सूर बदलला की पावले बदलतात. म्हणजे इथे नवी चाल चांगली की वाईट, याचा निवाडा पावले करतात. जव्हार तालुक्यातील वाळवंडे येथील ज्येष्ठ तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या परंपरेकडे अनेकांचे लक्ष गेले.

तारप्याचा ध्वनी आता संगणकावरही घेता येतो. कळ दाबली की तो वाजतो, हवा तितका वेळ वाजतो. पण त्यातून वादकाचा श्वास वजा झालेला असतो आणि नाचणाऱ्यांची पावलेही. उरतो तो केवळ एक रंग, हजार रंगांतला आणखी एक. नावीन्याच्या शोधात असलेल्या तरुण रचनाकाराने तारप्याकडून ध्वनी घेण्याआधी त्याची अट घ्यावी: एकाच दमाचा सूर, मोजकेच स्वर, आणि समोर कोणीतरी त्यावर खरोखर पावले टाकणारे. वर्ज्य काय करायचे, हे भोळे यांनी कथेला विचारून ठरवले. फडके यांनी चाल शब्दांना विचारली. आपण कोणाला विचारतो आहोत, हे ज्या रचनाकाराला सांगता येत नाही, त्याच्या हाती शंभर वाद्ये दिली काय किंवा त्यातली नव्याण्णव काढून घेतली काय, गाणे तेच राहील.