चेन्नईतील संशोधक विद्यार्थी आणि त्यांचे विद्यावेतन

विज्ञान आणि अभियांत्रिकीतील पीएच.डी.च्या शिक्षणाची देशातील जी मोजकी मोठी केंद्रे आहेत, त्यांत चेन्नईची गणना होते. पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने १९५९ मध्ये स्थापन झालेली आयआयटी मद्रास, १९४८ मधील केंद्रीय चर्म संशोधन संस्था आणि १९६२ मधील गणित विज्ञान संस्था या शहराच्या एकाच भागात वसलेल्या आहेत. त्यांचे पालक विभाग मात्र वेगवेगळे असून, विद्यार्थ्याला मिळणारे पैसेही वेगवेगळ्या वाटांनी येतात.

आयआयटीतील बहुसंख्य संशोधक शिक्षण मंत्रालयाच्या विद्यावेतनावर काम करतात. त्याबदल्यात त्यांना प्रयोगशाळेतील तासिका, उत्तरपत्रिकांची तपासणी अशा कामांत साहाय्य करावे लागते. नेट परीक्षेद्वारे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळवणारे निराळे. एखाद्या प्रकल्पावर नेमलेल्यांची स्थिती सर्वांत नाजूक. प्रकल्पाची मुदत संपली की पैसेही थांबतात.

या रकमेला महागाई भत्ता लागू नाही. सरकारी कर्मचाऱ्यांचा भत्ता वर्षातून दोनदा वाढतो. संशोधकांना मात्र नव्या आदेशाची वाट पाहावी लागते. ऑक्टोबर २०१४ पासून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती दरमहा २५,००० रुपये होती. त्यानंतर चार वर्षे ती तेवढीच राहिली. देशभरातील संशोधकांनी आंदोलन केल्यावर जानेवारी २०१९ पासून ती ३१,००० रुपये झाली. मागणी सुमारे ८० टक्के वाढीची होती. पदरात पडले २४ टक्के. पुढची वाढ पुन्हा चार वर्षांनी, १ जानेवारी २०२३ पासून झाली आणि रक्कम ३७,००० रुपयांवर गेली. वरिष्ठ संशोधकांसाठी हा दर ४२,००० रुपये ठरला.

दरम्यान २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती जाहीर झाली. सात वर्षांसाठी १,६५० कोटी रुपये मंजूर झाले. पहिली दोन वर्षे दरमहा ७०,०००, तिसऱ्या वर्षी ७५,००० आणि अखेरच्या दोन वर्षांत ८०,००० रुपये, शिवाय संशोधन खर्चासाठी वर्षाला दोन लाख, असे तिचे स्वरूप ठेवण्यात आले. वर्षाला एक हजार विद्यार्थ्यांचे उद्दिष्ट असताना पहिल्या फेरीत केवळ १३५ जणांची निवड झाली. निकष कडक होते, हे त्याचे एक कारण. या योजनेमुळे एकाच मार्गदर्शकाच्या हाताखाली, शेजारशेजारच्या टेबलांवर काम करणाऱ्या दोघांच्या विद्यावेतनात दुपटीच्या आसपास फरक पडू लागला.

फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात या योजनेखाली पाच वर्षांत १०,००० अधिछात्रवृत्त्या वाढीव अर्थसाहाय्यासह देण्याची घोषणा झाली. ती आयआयटी आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील तंत्रज्ञान संशोधनापुरती होती.