ओठ शिवला, पुढे काय?

दुभंगलेल्या ओठांसाठी मदत मागणारी जाहिरात आठवा. डावीकडे 'आधी'चा फोटो, उजवीकडे 'नंतर'चा. आपण हळहळतो, जमलं तर पैसे पाठवतो आणि कामाला लागतो. पण 'नंतर'च्या नंतर काय होतं? या प्रश्नालाही एक इतिहास आहे, आणि त्यातला सगळ्यात कामाचा धडा मला आपल्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) सापडतो. शनिवार आहे, तेव्हा जरा ऐसपैस बोलू.

जगभरात साधारण ७०० जन्मांमागे एक मूल दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन येतं. आपल्याकडे लगेच आईवर ठपका : ग्रहण पाळलं नाही, विळी हातात घेतली! ग्रहणाचा काडीचा संबंध नाही. टाळू दुभंगलेली असली की बाळाला दूध ओढता येत नाही, ते नाकातून परत येतं. वजन वाढत नाही, आणि वजन नाही तर भूल देणं धोक्याचं. सर्जन लोकांचा जुना ठोकताळाच आहे : दहा आठवडे वय, दहा पौंड (म्हणजे साडेचार किलो) वजन, दहा हिमोग्लोबिन.

ओठ तीन महिन्यांनंतर शिवतात, टाळू वर्षाच्या आसपास. मग कानात पाणी साठून ऐकू कमी येतं. बोलणं गेंगाणं होतं. 'मामा' जमतं, पण 'बाबा' आणि 'काका' अडतात, कारण त्या अक्षरांना तोंडात हवा कोंडावी लागते. आठ-दहाव्या वर्षी हिरडीत हाड भरायचं, मग दातांच्या तारा, गरज पडली तर वाढ संपल्यावर जबड्याचं ऑपरेशन. थोडक्यात, अठरा वर्षांचं प्रोजेक्ट. आणि आपण पहिल्या रिलीजलाच पेढे वाटून मोकळे!

हे एकट्यादुकट्याचं काम नाही हे लवकर ओळखणाऱ्यांपैकी एक म्हणजे हर्बर्ट कूपर. हा सर्जन नव्हता, दातांचा डॉक्टर होता. १९३८ साली त्याने पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरमध्ये असं क्लिनिक काढलं, की सर्जन, दंतवैद्य आणि बोलणं शिकवणारे सगळे मिळून एकाच मुलाचा विचार करतील.

आपल्याकडे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात १९५८ साली डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला. १९७५ मध्ये त्यांनी या दुभंगांचं सुटसुटीत वर्गीकरण मांडलं : गट एक ओठ, गट दोन टाळू, गट तीन दोन्ही. बघायला साधं, पण दहा तज्ज्ञांना एकाच मुलाबद्दल बोलायचं तर आधी भाषा एक हवी ना!

दुसरीकडे होती शिबिरं. मूळचे पंढरपूरचे डॉ. शरदकुमार दीक्षित अमेरिकेत स्थायिक झाले आणि १९६८पासून भारतात येऊन फुकट ऑपरेशनं करू लागले. १९७८च्या अपघातात शरीर अधू झालं, पुढे कॅन्सरने स्वरयंत्र गेलं, तरी हा माणूस यंत्रातून बोलत हजारो चेहरे दुरुस्त करत राहिला. भारतीय जैन संघटनेने महाराष्ट्रात त्यांची शिबिरं भरवली. २००१मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्यापुढे हात जोडावेत. पण कुठल्याही शिबिराची मर्यादा अशी, की तंबू उठतो आणि 'बाबा', 'काका' शिकवायला मागे कोणी उरत नाही.

आता नगर जिल्हा. १९७०मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. त्यांची गोष्ट ओठांची नाही, बाळं जगवण्याची आहे. त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं, त्यातल्या कित्येक निरक्षर. बाळाचं वजन घेणं, आईला काय खायचं ते सांगणं, खुळ्या समजुती काढणं, हे त्या घरोघर जाऊन करायच्या. १९७१ साली हजारी १७६ असलेले बालमृत्यू शतकाच्या अखेरीस तिसाच्या खाली आले. १९७९मध्ये दोघांना मॅगसेसे मिळालं.

माझा मुद्दा इथे आहे. वाटी-चमच्याने दूध पाजून बाळाला साडेचार किलोपर्यंत कोण नेणार? ग्रहणाचं खूळ कोण काढणार? सर्जन नव्हे. कूपरच्या टीममध्ये जी खुर्ची रिकामी होती, तिच्यावर बसायला जामखेडची बाई हवी.

फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेले ओठ-टाळू यादीत आहेत. फिरती पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलं तपासतात. हा विचार जामखेडच्या जवळचा आहे. पण पाथर्डीकडचं ऊसतोड कुटुंब दिवाळीच्या सुमारास गाव सोडतं आणि उन्हाळ्यात परततं. ते मूल दर आठवड्याला बोलण्याच्या सरावाला कसं येणार? मोफत ऑपरेशनने हा प्रश्न सुटत नाही. कोयत्याबरोबर मुलाची फाईलही पुढच्या गावाला जायला हवी, आणि ती वाचणारं माणूस तिथे हवं.

असो. पुढच्या वेळी देणगी देताना किती ऑपरेशनं झाली हे जरूर विचारा. त्याबरोबर हेही विचारा, की पाच वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेली किती मुलं अजून तुमच्याकडे येतात?