दाक्षिण्य
दाक्षिण्य : समर्थाने दुसऱ्याचे मन व मान राखून वागण्याचा गुण. संस्कृत नाट्यशास्त्रात नवी प्रीती जडल्यावरही पूर्वीच्या नायिकेशी सौजन्याने वागणारा नायक ‘दक्षिण’ होय. यात वीरत्व थोडेच. मराठीत ‘स्त्रीदाक्षिण्य’ रूढ होऊन अर्थ आणखी आकसला. चिमाजी आप्पांबाबतही पोर्तुगीज स्त्रीस सन्मानाने परत पाठविल्याची आख्यायिकाच अधिक सांगितली जाते. वसईच्या तहाची कलमे मात्र आख्यायिका नव्हेत. जबर प्राणहानी सोसूनही मे १७३९ मध्ये त्यांनी शत्रूच्या शिबंदीस शस्त्रे व निशाणांसह जाऊ दिले. यास ‘औदार्य’ म्हणावे, तर शत्रूचा मान त्यात येत नाही, ‘शौर्य’ रणापुरते. येथे ‘दाक्षिण्य’च योग्य. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांस धर्माचरणाची मुभा मिळाली. गाससारख्या गावांतील ख्रिस्ती वस्ती पुढेही टिकली.