कारखान्यातली रेडिओ लहर

पेडण्याकडे जुनी माणसे रेडिओचा विषय काढतात तेव्हा आंबोलीचे जंगल आठवते. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी तिथून गोवामुक्तीचे गुप्त केंद्र सुरू केले. त्या लहरीच्या आवाजाचा इतिहास आपण सांगतो. तीच लहर कारखान्यात माल तापवते, तो इतिहास मात्र राहून जातो.

रेनकोट, फायलींची कव्हरे, ताडपत्री यांचे पीव्हीसी जोडायला एचएफ वेल्डिंग मशीन वापरतात. नोकरीत ही यंत्रे मी जवळून पाहिली. दोन पट्ट्यांमध्ये प्लास्टिक दाबायचे, सेकंदाला सुमारे २.७ कोटी आवर्तने करणारे विद्युतक्षेत्र सोडायचे; माल आतूनच तापतो आणि चिकटतो. ज्योत नाही, धूर फारसा नाही. म्हणून माणूस निर्धास्त.

पट्ट्यांभोवतीचे धातूचे कवच नीट असेल तर निर्धास्त राहायला हरकत नाही. पण माल सरकवताना ते आड येते, आणि नगावर मजुरी असली की पहिले तेच निघते. मग क्षेत्र कामगारापर्यंत पोचते. शरीरातून जाणारा प्रवाह मनगटात आणि घोट्यात दाटतो, कारण तिथे जागा अरुंद. खोलवरची उष्णता कातडीला लगेच कळत नाही. धातूला बोट लागले तर चटका बसतो तो वेगळाच. एक्स-रेसारखी ही लहर अणूतले इलेक्ट्रॉन उडवत नाही. इथला धोका भाजण्याचा आणि बोटे बधिर होण्याचा.

हे गुपित नव्हते. अमेरिकेच्या निऑश संस्थेने १९७९ सालीच या यंत्रांवर इशारापत्रक काढले. १९९८ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने स्वतंत्र मार्गदर्शिका छापली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सरकारला कळवायचे आजार दिले. त्यात शिशाची विषबाधा होती, सिलिकोसिस होता, रेडियम आणि एक्स-रेची इजाही होती. रेडिओ लहरी नव्हत्या. डॉक्टरने कळवायचे नाही, म्हणजे दप्तरात नोंद नाही. आणि आपण इतिहासवाले दप्तरच चाळणार! मोबाइल टॉवरची मर्यादा मात्र २०१२ साली देशभर कडक झाली. टॉवर सगळ्या गावाला दिसतो ना.

तेव्हा मांद्रे, तुये भागातल्या जुन्या कामगारांच्या आठवणी टिपताना पगार आणि संपाबरोबर आणखी दोन गोष्टी विचारा: मशीनला कवच होते का, आणि पाळी संपल्यावर हाताला मुंग्या येत होत्या का?