यादीत पहिला आलेला पोरगा पुढं कुठं जातो?

डिसेंबर 2011. कूचबिहार करंडक, म्हणजे 19 वर्षांखालच्या पोरांचं क्रिकेट. समोर आसाम. महाराष्ट्राच्या एका डावखुऱ्या पोरानं नाबाद 451 धावा ठोकल्या. पोरगा आपल्या शेजारच्या जालन्याचा, विजय झोल. वय 17. पुढच्या वर्षी 19 वर्षांखालचा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. 2014 ला यूएईत झालेल्या विश्वचषकात तर तो भारताचा कप्तान होता. मराठवाड्याचा पोरगा भारताचा कप्तान! रणजीच्या पहिल्याच सामन्यात त्यानं नाबाद 200 काढल्या.

आता त्या 2014 च्या संघातली बाकीची नावं बघा. उपकप्तान संजू सॅमसन. श्रेयस अय्यर. कुलदीप यादव. सर्फराज खान. दीपक हुडा. हे पाचही जण पुढं भारताच्या मोठ्या संघाकडून खेळले. कप्तान मात्र खेळला नाही.

यात विजयचं काही चुकलं, असं कुणी म्हणू नये. 451 धावा कुणाला फुकट मिळत नाहीत. प्रश्न वेगळाच आहे. कोवळ्या वयात आपण पोरांच्या ज्या याद्या लावतो, पहिला, दुसरा, 'निवड झाली', 'निवड नाही', त्या पुढचं भविष्य किती खरं सांगतात?

हा प्रश्न फक्त क्रिकेटवेड्यांचा नाही. संध्याकाळी गारखेड्याच्या क्रीडा संकुलाबाहेर गाड्या लावून उभे असलेले आई-बाप बघा. तेराव्या-चौदाव्या वर्षी जिल्ह्याच्या यादीत नाव नाही आलं, की घरात निकाल लागतो: "बस झालं आता, क्लास लाव." आणि नाव आलं, तर शाळा सुटते. दोन्हीकडं पोराचं आयुष्य एका कागदावर ठरतं. म्हणून हा कागद जरा तपासून बघू.

सुरुवात मुंबईपासून करू, कारण शाळकरी क्रिकेटचे आकडे तिथं वर्षानुवर्षे नीट लिहून ठेवलेत. तिथल्या गाजलेल्या शालेय डावांची ही यादी, धावांच्या क्रमानं:

प्रणव धनावडे, नाबाद 1009 (2016)
पृथ्वी शॉ, 546 (2013)
अरमान जाफर, 498 (2010)
सर्फराज खान, 439 (2009)
विनोद कांबळी, नाबाद 349 (1988)
सचिन तेंडुलकर, नाबाद 326 (1988)

सचिन सगळ्यात खाली! यादी उलटी धरली असती तर बरं झालं असतं, असं वाटण्यासारखी गोष्ट आहे.

फेब्रुवारी 1988, आझाद मैदान, हॅरिस शिल्डची सेमीफायनल. शारदाश्रमच्या या दोघांनी सेंट झेवियर्सविरुद्ध 664 धावांची अखंड भागीदारी केली. धावा कांबळीच्या जास्त, आणि त्यानं त्याच सामन्यात सहा विकेटही काढल्या. त्या संध्याकाळी कुणी गुणांची यादी लावली असती तर पहिला कांबळीच आला असता. आणि ती यादी फार चूक होती असंही नाही बरं का! कांबळीची कसोटीतली सरासरी 54.20 आणि सचिनची 53.78. फरक कुठं पडला? कांबळी 17 कसोट्या खेळला, सचिन 200. हातातलं कौशल्य यादीनं बरोबर ओळखलं होतं. ते किती वर्षं टिकेल हे तिला दिसत नव्हतं, आणि दिसणारही नव्हतं.

त्याच दिवशी पुढच्या नंबरावर पॅड बांधून एक तिसरा पोरगा बसून होता, अमोल मुजुमदार. शाळा तीच, गुरू तेच रमाकांत आचरेकर सर. भागीदारी मोडलीच नाही, त्यामुळं त्याला बॅटिंगच मिळाली नाही. पुढं रणजीच्या पहिल्या सामन्यात त्यानं 260 धावा काढल्या. प्रथम श्रेणीत 11 हजारांवर धावा, 30 शतकं. भारताची टोपी मात्र कधीच मिळाली नाही. आणि 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी वनडेचा विश्वचषक जिंकला, तेव्हा कोच कोण होता? हाच अमोल मुजुमदार. हे यश कुठल्या यादीत धरायचं?

आता यादीतलं पहिलं नाव. कल्याणच्या रिक्षाचालकाचा मुलगा प्रणव. त्यानं 1899 मधला ए. ई. जे. कॉलिन्स या इंग्लिश शाळकरी पोराचा नाबाद 628 चा विक्रम मोडला. गंमत म्हणजे तो कॉलिन्सही कधी प्रथम श्रेणी सामना खेळला नाही. फौजेत गेला आणि 1914 ला पहिल्या महायुद्धात मारला गेला. प्रणवच्या दारात त्या आठवड्यात देशभरातले कॅमेरे होते. 15 वर्षांच्या पोरावर भावी सचिनचं ओझं टाकून कॅमेरे निघून गेले. भारतीय संघ त्याच्यापासून दूरच राहिला.

पृथ्वी शॉनं 2018 ला 19 वर्षांखालचा विश्वचषक कप्तान म्हणून जिंकला आणि त्याच वर्षी पहिल्या कसोटीत शतक ठोकलं. नोव्हेंबर 2024 च्या आयपीएल लिलावात त्याला कुणीच घेतलं नाही. सर्फराजचं उलटं. बाराव्या वर्षी 439, आणि कसोटीची टोपी फेब्रुवारी 2024 ला. मध्ये 14 वर्षं गेली.

पण थांबा. यादी कचऱ्यात टाका, असं मी म्हणत नाहीये. सहापैकी चार जण कसोटी खेळले. लाखो पोरं खेळतात त्या देशात हे प्रमाण प्रचंड आहे. 2008 च्या 19 वर्षांखालच्या संघानं विराट कोहली आणि रवींद्र जडेजा दिले. पण त्याच स्पर्धेत सगळ्यात जास्त धावा कोहलीच्या नव्हत्या. त्या तन्मय श्रीवास्तवच्या होत्या, 262. तो भारताकडून कधी खेळला नाही. 2012 च्या फायनलला नाबाद 111 करून कप जिंकून देणारा कप्तान उन्मुक्त चंद पुढं अमेरिकेत खेळायला गेला.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर तेही बघू. तिथं याद्या लावण्याचा धंदाच आहे. शाळेत बास्केटबॉल खेळणाऱ्या पोरांना तारे देतात, पाच तारे म्हणजे सगळ्यात भारी, आणि कॉलेजं त्या ताऱ्यांमागं धावतात. 2003 ला शाळेतून निघालेला लेब्रॉन जेम्स यादीत पहिला होता आणि तो खरंच जगात भारी निघाला. पण स्टीफन करीला मोठ्या कॉलेजांनी विचारलंच नाही. बारीक, बुटका म्हणून. तो डेव्हिडसन नावाच्या छोट्या कॉलेजात गेला आणि पुढं चार वेळा एनबीए चॅम्पियन झाला. 2014 ला 41 व्या नंबरावर निवडलेला निकोला योकिच तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

म्हणजे इथून तिथून एकच गोष्ट दिसते. यादी शंभर पोरांबद्दल बऱ्यापैकी खरं बोलते. एका पोराबद्दल विचारलं की तिची बोबडी वळते.

का? एक कारण शरीर. तेराव्या वर्षी ज्याला मिसरूड फुटली तो त्याच वयाच्या बारक्या पोराला सहज मागं टाकतो. पाच वर्षांनी दोघं सारखे होतात, पण तोवर बारक्यानं खेळ सोडलेला असतो. दुसरं, जन्मतारीख. वयोगटाच्या तारखेच्या अलीकडं-पलीकडं जन्मलेल्या दोन पोरांत जवळजवळ वर्षाचा फरक असू शकतो. कॅनडाच्या आइस हॉकीत रॉजर बार्न्सली यांनी 1980 च्या दशकात हेच दाखवलं. निवडलेल्या पोरांत जानेवारी ते मार्चचे वाढदिवस कितीतरी जास्त निघाले.

तिसरं कारण आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. यादी फक्त भविष्य सांगत नाही, ती भविष्य घडवते. नाव आलं की चांगली विकेट, चांगला कोच, जास्त सामने. नाव नाही आलं की काहीच नाही. मग दहा वर्षांनी निवडसमिती म्हणते, बघा, आम्ही बरोबर होतो! अहो, पाणी एकाच झाडाला घातलं तर फळं कुठं येणार?

आणि यादी लावणारा जिथं बघतो तिथलीच पोरं यादीत येतात. मोहालीची डिसेंबर 2001 ची कसोटी आठवा, इंग्लंडविरुद्धची. त्या सामन्यात भारताकडून तिघांचं पदार्पण झालं आणि त्यातले दोन आपल्या मातीत जन्मलेले. बीडचा संजय बांगर आणि आपल्याच शहरातला इक्बाल सिद्दिकी. बांगर 29 वर्षांचा, रेल्वेकडून खेळून आलेला. इक्बाल 27 ला टेकलेला. इक्बालला तेवढी एकच कसोटी मिळाली, बांगर 12 खेळला. दोघांचा नंबर लागेपर्यंत मुंबईची पोरं निम्मं करिअर करून मोकळी झालेली असतात.

क्रिकेटच्या बाहेर बघायचं तर आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. बारावी करून फौजेत गेला. सियाचीनला ड्यूटी केली. 2015 ला, विशी ओलांडल्यावर, फौजेच्या क्रॉसकंट्रीत पळायला लागला. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसला रौप्य, सुवर्ण हुकलं ते फक्त 0.05 सेकंदानं. 2023 ला आशियाई सुवर्ण. 2024 ला पॅरिस ऑलिंपिकची फायनल. चौदाव्या वर्षीचा कागद शेवटचा धरला असता, तर हा माणूस आपल्याला कधी दिसलाच नसता.

आज पुन्हा आपल्याकडं नावं आहेत. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर 2022 ला जगज्जेत्या 19 वर्षांखालच्या संघात होता, चेन्नईनं त्याला दीड कोटींना घेतलं. बीडच्या सचिन धसनं 2024 च्या विश्वचषकाच्या सेमीफायनलला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 96 धावा काढून सामना ओढून आणला. या पोरांना आजच डोक्यावर घेऊ नका आणि दोन सामन्यांत अपयश आलं की खाली आपटूही नका. त्यांना वेळ द्या.

जिल्हा संघटनांना आणि क्रीडा खात्याला एकच सांगणं. निवड चौदाव्या वर्षी करा, जरूर करा. पण सतराव्या आणि एकोणिसाव्या वर्षी दार पुन्हा उघडा, आणि तेही खरं उघडा. आधीच्या यादीतल्यांनाच परत बोलवायचं असेल तर त्याला चाचणी म्हणू नका. आणि चाचणीची तारीख पैठण, सिल्लोड, कन्नडच्या शाळांपर्यंत पोहोचू द्या, फक्त शहरातल्या चार अकॅडम्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको.

आई-बापांनाही सांगतो. पोराचं नाव यादीत नसेल, तर त्याचा अर्थ "आज नाही" एवढाच असतो. त्याच्या हातातली बॅट आज काढून घेऊ नका.

तुमच्या गावात, गल्लीत असा यादीबाहेरचा कुणी पुढं गेलेला असेल, तर त्याची गोष्ट खाली लिहा. अशी माणसं कुठल्याच रेकॉर्डमध्ये सापडत नाहीत. ती तुम्हालाच माहीत असतात.